देवळगावकरांची टिपणी

“शाली कमी पडतायत, मंजुषाताई. यादी नऊ जणांची होती, आता चौदा झाले.”

श्रीरंग देवळगावकर स्टेजच्या मागे उकिडवे बसून शालींच्या घड्या मोजत होते. खांद्याला कागदांची लांबोडकी पिशवी अडकवलेली होती. शिपाई फकिराने दोनदा मागूनही ती त्यांनी खाली ठेवली नव्हती. बाहेर मेक्सिकोहून आलेल्या पाहुण्या मॅडम येऊन बसल्या होत्या. साडेदहा वाजून गेले होते आणि त्यांचं विमान अडीचचं होतं.

“मॅडमना एकपर्यंत निघायला पाहिजे,” मी म्हणाले. “तुमचा एक तास कधी धरलाय?”

“धरलाय ना. प्राचार्य म्हणाले, उद्घाटन वीस मिनिटांत उरकू.”

वीस मिनिटांत! आमच्या संस्थेत वीस मिनिटांत समईची वातसुद्धा पेटत नाही. पण चोवीस वर्षं परीक्षा विभागात काढूनही या माणसाचा वरिष्ठांच्या शब्दावरचा विश्वास गेला नव्हता. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद होतं, तेव्हा देवळगावकरांना मोबाईलवर एक फुकट व्याख्यान सापडलं. मेक्सिकोतल्या माया लोकांनी दगडावर कोरलेल्या अक्षरांबद्दलचं. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. हर्सूलच्या दोन खोल्यांत हा माणूस साडेपाचला उठून कानात हेडफोन घालून बसू लागला. एक झालं, दुसरं झालं, मग पूर्ण अभ्यासक्रमच. अशी व्याख्यानं, असे वर्ग तिकडे कुणालाही खुले असतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. उमावहिनी म्हणायच्या, “लोकांचे नवरे दारू पितात, आमचे हे अक्षरं काढतात. भांडायचं तरी कसं?”

मी वाचनालयात असते. जेवणाच्या सुट्टीत ते मला वही दाखवायचे. दगडावरचं कोरीव काम कागदावर उतरवायची एक रीत असते. खात्री असेल तिथं सलग रेघ, अंदाज असेल तिथं तुटक, झिजलं असेल तिथं नुसते ठिपके. “अंदाजाला सलग रेघ मारली की लबाडी झाली, ताई,” ते म्हणायचे. ती पानं मी पुन्हा पुन्हा उलटून बघायचे. गुणपत्रिकांवर शिक्के मारणाऱ्या हाताला हे कुणी शिकवलं असेल?

मेक्सिकोतल्या एका उत्खननावर दर उन्हाळ्यात महिनाभर अशा रेखाटनाची शाळा भरते. तिथं एक जागा पदवी नसलेल्या, बाहेरच्या माणसासाठी ठेवतात. येणंजाणं, राहणं सगळं त्यांच्याकडे. अटी दोन. वय पन्नासच्या आत हवं, आणि कुणीतरी जाणकार पुरातत्त्वज्ञाने समोर बसून तासभर त्या माणसाचं काम बघून सही द्यायला हवी. देवळगावकरांना जूनमध्ये पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. अर्जाची मुदत या कार्यक्रमाच्याच आठवड्यात संपत होती. आणि नेमक्या तेव्हाच, ज्यांचा वर्ग ते तीन वर्षं करत होते त्या डॉ. मारिसोल उरिबे वेरूळ बघायला आल्या. त्यांनीच मेल केला होता की मंगळवारी सकाळी मी मोकळी आहे, कुठं भेटायचं?

“वाचनालयात बसा,” मी म्हटलं होतं. “कोपऱ्यातलं टेबल देते. कुणाला पत्ताही लागायचा नाही.”

“तसं नको, ताई. परदेशी पाहुणा कॉलेजात येणार, उद्या कुणी विचारलं तर? रीतसर असलेलं बरं.”

आणि त्यांनी टिपणी ठेवली. ‘वाचनालयातील एक टेबल एक तास वापरण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.’ याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. प्राचार्यांनी टिपणीवर ‘चर्चा करावी’ असं लिहिलं, ती संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली, आणि चार दिवसांत त्या टेबलाचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं आणि शाल-श्रीफळाचं तबक देवळगावकरांकडे.

नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथं अख्खी घाणी चालू होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय. अध्यक्षांनी अमेरिकेतल्या मुलाच्या घरामागची बाग, तिथले गुळगुळीत रस्ते आणि आपल्या पूर्वजांनी अमेरिका आधीच कशी शोधून ठेवली होती, हे पाऊण तास सांगितलं. मॅडमच्या वाट्याला बारा मिनिटं आली, त्यातली चार माईकने खाल्ली. त्या बोलत होत्या तेव्हा पडद्याच्या कडेला देवळगावकर तबक पोटाशी धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मॅडमचं पुढचं वाक्य त्यांना आधीच पाठ होतं.

मग सत्कार सुरू झाले. चौदाच्या चौदा. चौथ्या की पाचव्या नावाला मॅडम माझ्याकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “श्रीरंग कुठे आहेत? मला त्यांचं काम बघायचंय. मी त्यांना ओळखत नाही, वर्गात ते कॅमेरा बंद ठेवतात.”

कॅमेरा बंद असायचा, कारण मागे उमावहिनी पोळ्या लाटत असायच्या. देवळगावकर मॅडमच्या खुर्चीपासून दोन हातांवर उभे होते. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण अध्यक्षांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे पुढचं नाव घ्या. माझी नेमणूक दर जूनला नव्याने होते आणि त्या कागदावर सही त्यांची असते.

“येतीलच, मॅडम,” असं म्हणून मी पुढचं नाव पुकारलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी मॅडमचा सत्कार झाला. अध्यक्षांनी हिमरू शाल घातली आणि देवळगावकरांनी तबक पुढे केलं. मॅडमनी नारळ उचलला, त्यांच्याकडे बघून हसल्या आणि “थँक यू” म्हणाल्या. तबक धरणाऱ्या माणसाला म्हणतात तसं. देवळगावकरांनी मान लववली. बोलले का नाही, असं मी नंतर विचारलं तर म्हणाले, “कार्यक्रम चालू होता ना.”

राष्ट्रगीत झालं तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. अध्यक्ष मॅडमना थेट आपल्या गाडीकडे घेऊन गेले. वाटेत त्यांना संस्थेची नवी इमारत दाखवायची होती. देवळगावकर तबक ठेवून, पिशवी सावरत पोर्चमध्ये धावले, तोवर गाडी फाटकाबाहेर वळली होती.

“साहेब, मोटरसायकल काढू का?” फकिरा म्हणाला. “विमानतळ असं किती लांब हाय? जालना रोडनं धा मिन्टात घालतो तुमाला.”

“तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत रे.”

“मग दारातच गाठू की! त्यांच्याआधी पोचू. लई झालं तर हाकलून देतील, फाशी तर देणार नाय?”

देवळगावकर एक पायरी उतरले. खरंच उतरले, मी डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यात आतून प्राचार्यांची हाक आली, “देवळगावकर, खुर्च्या मोजून घ्या!” आणि ते वळले. सवय लागलेल्या माणसासारखे, एका हाकेत.

“काय माणूस हाय ह्यो,” फकिरा म्हणाला. त्याला रडू येत होतं की काय कोण जाणे. मला त्या क्षणी देवळगावकरांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि लगेच स्वतःच्या.

बुधवारी सकाळी ते वाचनालयात आले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. मॅडमचा मेल होता. ‘मी सगळी सकाळ तुमची वाट पाहिली. तुम्ही आला नाहीत. जे काम मी समोर बसून पाहिलं नाही, त्यावर मला सही करता येत नाही. तुमची तब्येत ठीक असेल, अशी आशा करते.’

“सांगा त्यांना,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “तुम्हीच तबक घेऊन उभे होता म्हणावं. तुम्हाला जमत नसेल तर मी लिहिते.”

“नको, ताई.” ते शांत होते, त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. “सही तर आता व्हायची नाही. त्या गेल्या. आपल्याच विद्यार्थ्याच्या हातून नारळ घेतला आणि ओळखलं नाही, हे कळलं तर त्यांना जन्मभर लागून राहील. आणि परक्या माणसापुढं कॉलेजची शोभा कशाला?”

खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. उत्तराचा कच्चा मसुदा रात्रीच लिहून ठेवला होता, इंग्रजीत, त्यांच्या सुंदर अक्षरात. ‘आदरणीय मॅडम, कार्यालयीन कामामुळे मी मंगळवारी गैरहजर राहिलो. माझ्यामुळे आपला वेळ वाया गेला, त्याबद्दल क्षमा असावी.’ खाली नाव आणि हुद्दा होता, वरिष्ठ लिपिक.

“इंग्रजी तेवढं बघता का? तुमचं चांगलं आहे.”

मी दोनदा वाचलं. त्यांनी पेन उघडून माझ्यापुढे धरलं होतं.

“बरोबर आहे,” मी म्हणाले आणि कागद त्यांना परत दिला.