सरळ शाफ्टाची बोट

"अण्णा, तिथून हात काढा. कंपनीचं सील आहे ते," रणधीर म्हणाला.

माणिकप्पानं हात काढला नाही. पांढरी बोट अजून ट्रेलरवरच होती. तिच्या मागच्या अंगाला उकिडवा बसून तो एक घडीदार रबरी नळकांडं बोटांनी चाचपत होता. लोहाऱ्यात पंप आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. केबिनची बोट मात्र तो आज पहिल्यांदाच बघत होता. इंजिन पोटात, पंखा बाहेर लोंबणाऱ्या पायाला. हा पाय डावी-उजवीकडं वळायचा, वरही उचलला जायचा. जिथं तो बोटीला जोडला होता, तिथं पाणी आत शिरू नये म्हणून हा रबरी भाता.

"ह्यो भाता कदी बदललाय?"

"दोन वर्षं झाली असतील."

"असतील?"

रणधीर हसला. भिगवणकडून तो दोन जुन्या बोटी विकायला घेऊन आला होता. दुसरी राखाडी, जुनाट, डिझेलवर चालणारी, आधीच पाण्यात सोडलेली. तिच्याकडं कुणी बघतही नव्हतं. धरणाच्या काठावर जमलेल्या बायाबापड्यांना पांढरीच्या गाद्या आणि काचा दिसत होत्या.

सरपंच उमादेवी जवळ आली. तिच्या गावाला धरणानं तीन बाजूंनी वेढलं होतं. दवाखाना पलीकडच्या काठाला, समोर दिसणारा. रस्त्यानं मात्र बावीस किलोमीटरचा फेरा. बोट घ्यायचं गावानं ठरवलं, तेव्हा ती स्वतः लोहाऱ्याला जाऊन माणिकप्पाला घेऊन आली होती.

"अण्णा, समद्यांच्या मनात हीच भरलीय," ती हळूच म्हणाली. "पान्यात बाभळीचे खुंट हायेत. हिचा पाय उचलता येतो, म्हंजे अडकायची न्हाय. पन तुमी व्हय म्हनल्याबिगर म्या सही करनार न्हाय."

माणिकप्पानं पाण्याकडं पाहिलं. चौदा वर्षांपूर्वी याच पाण्यावर त्यानं नावेसारख्या वापरल्या जाणाऱ्या गुळाच्या काहिलीला पंपाचं इंजिन बसवून दिलं होतं. धाकटा भाऊ वीरप्पा ती चालवायचा. तिसऱ्या दिवशी बोल्ट ढिले झाले, इंजिन एका अंगाला कललं आणि काहील उलटून वीरप्पा बुडाला. माणिकप्पाला कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर तो पाण्यावर गेला नव्हता.

"चालवून बगू," तो म्हणाला. "म्या येतो."

बोट पाण्यात उतरताच दहा-बारा जण चढायला धावले. माणिकप्पा आडवा झाला. "कुनी न्हाय. आमी तिघंच."

"वीस माणसं आरामात बसतात अण्णा," रणधीर वैतागला. "घाबरता काय?"

"व्हय, घाबरतो."

बोट निघाली ती बाणासारखी. काठावरून शिट्ट्या झाल्या. माणिकप्पा इंजिनावरची फळी उघडून पालथा पडला होता. तळ कोरडा ठणठणीत होता. मध्यावर आल्यावर त्यानं मान वर केली.

"आता डावीकडं पुरं वळवा. आन् पाय उचला."

"एवढं कोणी वळवत नाही."

"खुंट आडवा आला की वळवतील. वळवा."

रणधीरनं स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि पाय उचलला. भाता एका अंगानं ताणला गेला आणि आत इंजिनामागून पाण्याची मनगटाएवढी धार फुटली.

"सरळ करा! पाय खाली घ्या!" माणिकप्पा ओरडला.

पाय सरळ झाला, धार बोटाएवढी झाली. पण थांबली नाही. रणधीरनं पाणी उपसायच्या पंपाचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पंप हूं की चूं करेना.

"मागं फिरवतो," त्याचा आवाज चिरकला.

"वळवलं की चीर उघडती! स्टेअरिंगला हात लावू न्हका. हाय तशी समोरच्या काठाला जाऊ द्या."

"समोर खुंट आहेत! पाय उचलावा लागेल."

"उचललात तर भाता फाटंल. पंखा तुटला तर तुटू द्या."

उमादेवीनं पदर खोचला, सीटखालची बादली ओढली आणि उपसायला लागली. माणिकप्पा गादीचं कव्हर फाडून त्या कापडानं पाणी ओढून काढत होता. पाणी इंजिनाच्या बुडाला लागलं. त्याचे हात चालले होते आणि तोंडातून एकच वाक्य निघत होतं, "सरळ... सरळ जाऊ द्या..." कुणाला सांगत होता ते त्यालाही कळत नव्हतं.

काठ पन्नास हातांवर असताना खाली धाडकन आवाज झाला. पंख्याचं पातं तुटलं, इंजिन बंद पडलं, आणि बोट उरल्यासुरल्या वेगानं गाळात जाऊन रुतली.

रणधीर डोकं धरून बसला होता. "खरंच माहीत नव्हतं अण्णा," तो शेवटी म्हणाला. "मीपण तशीच घेतली, विश्वासावर."

माणिकप्पानं त्याच्याकडं पाहिलं. "म्यापन एकदा तसंच केलं व्हतं," तो म्हणाला आणि चिखलात उतरला.

जीपनं फेरा मारून परत आल्यावर तो राखाडी बोटीत शिरला. मधोमध डिझेल इंजिन, तिथून सरळ शाफ्ट तळातून थेट पंख्याला. शाफ्ट बाहेर पडतो तिथं पंपाला असते तशीच ग्लँड, पाणी अडवायला शाफ्टाभोवती आवळलेली तीच दोरी. इथलं सगळं त्याला हाताला ठाऊक होतं. पंख्याखाली लोखंडी पट्टी वेल्ड केली की खुंटांचीही भीती नव्हती.

"लई हळू हाय पन," उमादेवी म्हणाली.

"हळू हाय," त्यानं मान्य केलं. "पन हिचं दुखनं दिसतंय."

दहा दिवसांनी राखाडी बोट पहिल्या फेरीला निघाली. काठावरची पोरं हसली. म्हैससुद्धा पुढं गेली असती. आठवा महिना लागलेली शिवप्रिया सासूबरोबर तपासणीला निघाली होती. उघड्या फळीतून तिनं खाली पाहिलं आणि दचकली.

"अण्णा, गळतंय की हितं!"

"गळायलाच पायजे, बाई. मिनिटाला तीन-चार थेंब. अजिबात गळलं न्हाय तर शाफ्ट तापतो. जास्त गळलं तर दोरी आवळायची."

बोट मध्यावर आली. माणिकप्पा खाली मांडी घालून बसला होता, डावा तळहात ग्लँडखाली पसरून, नजर त्यावर खिळवून. ओठ पुटपुटत होते. तो थेंब मोजत होता, पण शिवप्रियाला वाटलं अण्णा पूजेला बसलेत. गलका करणाऱ्या बायांना तिनं तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.