दुकानातला खांब

घरात तिला सगळे फौजदार म्हणायचे, आणि ते नाव तिनं कमावलेलंच होतं. भाजीची जुडी सोडून बघितल्याशिवाय पैसे न देणारी बाई, आयुष्यभराची पुंजी घालून घ्यायच्या घराला थोडीच सोडणार? बरं, घर तिला हवंही होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. वरच्याच मजल्यावर तिची धाकटी बहीण राहत होती, तान्हं बाळ घेऊन.

"आजच आकडा सांगून टाका वहिनी, दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय," एजंट म्हणाला.

"बसू दे की!" म्हणत तिनं नळ सोडले, फ्लश ओढला, कपाटांत डोकं घातलं. नवरा आपला मोबाइलमध्ये. सगळं चोख निघालं. मग ती बेडरूमची खिडकी लावायला गेली, तर ती काही केल्या लागेना. चौकटच तिरकी झाली होती. वरच्या भिंतीत तिरपी चीर होती, ताजी, आणि तिच्यात चक्क करंगळी शिरली.

"इमारत थोडीफार बसतेच हो," एजंट हसला.

"इतकी वर्षं उभी होती, ती आत्ताच बसायला लागली? खाली काय आहे?"

"दुकान. काम चाललंय तिथं. तुम्हाला काय करायचंय?"

ती तोवर जिना उतरायला लागली होती. नवराही नाइलाजानं मागोमाग निघाला.

अर्ध्या उघड्या शटरखालून ती वाकून आत गेली. दोन मजूर डबे सोडून जेवत होते. मधोमध खांब होता, म्हणजे कधी काळी असावा. कमरेच्या उंचीवर तो अर्धाअधिक फोडला होता आणि आतल्या सळ्या बाहेर वाकल्या होत्या. टेकू म्हणून शेजारी एकुलता एक वासा.

"मालकांना दुकान मोकळं हवंय," एक मजूर घास गिळत म्हणाला.

कुणी हातोड्याला हातही लावला नव्हता, तरी खांबातून बारीक वाळू गळत होती.

"सुटलो बाबा!" नवऱ्यानं निःश्वास सोडला. "वेळीच कळलं."

"सुटलो? अहो, धाकटी वर आहे! ओरडा, सगळ्यांना बाहेर काढा!"

नवरा तिला अडवायला पुढे झाला, पण ती कधीच जिन्यात शिरली होती. पळता पळता फोन लावला, तो वाजून वाजून थांबला. बाळ झोपलं की धाकटी फोनचा आवाज बंद करायची. मेली ती बंद लिफ्ट, मेला तो एजंट, असं काहीबाही पुटपुटत ती वर पोचली आणि तिनं बेल दाबून धरली.

"आले गं, आले!" आतून धाकटीचा आनंदी आवाज आला. कडी निघाली. दार मात्र हललं नाही.

"बाळाला उचल आणि बाहेर ये! काही विचारू नकोस!"

"अगं, येतेय ना. हे मेलं दार कालपासून अडकतंय. तू ढकल बघू तिकडून."

फौजदारानं खांदा लावला. चौकटीच्या कोपऱ्यातून चुरा तिच्या केसांत पडला.

"आवडलं ना गं घर?" आतून दार ओढता ओढता धाकटी विचारत होती.