दोन पट्ट्यांची फीत

थाक काका गेले, आणि आंदोंगच्या दवाखान्याखालच्या शोकगृहात पुतण्या सांगजूननं येताक्षणी कारभार हाती घेतला. दोन पट्ट्यांची काळी फीत मुलानं दंडावर बांधायची, अशी तिथली रीत. काकांना पोटचा मुलगा नव्हता, तेव्हा ती त्यानं स्वतःच चढवली. क्यूहोला म्हणाला, "तू दारातले जोडे लाव."

क्यूहो मुकाट्यानं जोडे लावत बसला. तो सहा वर्षांचा असताना काकांनी त्याला अनाथाश्रमातून घरी आणलं, त्याला चाळीस वर्षं झाली. पण कुळाच्या वंशावळीत त्याचं नाव घालायला भाऊबंदांनी साफ नकार दिला. हाही असा हट्टी, की त्यानं 'बाबा' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही.

काका चर्चमधून येताना चिडवायचे. "देवाला दर रविवारी बाप म्हणतोस, मग मीच तुझं काय घोडं मारलंय?"

"वंशावळीत नाव नाही माझं."

"अरे, देवाच्या घरात माझं तरी कुठे होतं? त्यानं आपणहून घातलं. मी नुसता हो म्हणालो."

क्यूहो मान खाली घालायचा. उद्या म्हणू, असं ठरवायचा. चाळीस वर्षं त्याचा उद्याच चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना शवपेटीत ठेवायची वेळ आली. कफन गुंडाळून झालं होतं, चेहरा तेवढा उघडा होता. पेटीवाला म्हणाला, "मुलानं पुढं यावं. डोकं धरायचं, आणि काय सांगायचं असेल ते सांगायचं."

सांगजून जागचा हलला नाही. "गार पडलेलं असतं हो," तो पुटपुटला. "तुम्हीच उचला ना."

भिंतीपाशी उभा असलेला क्यूहो पुढे आला आणि त्यानं काकांचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. खरंच फार गार होतं. आपण किती उशीर केला, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"बाबा," तो म्हणाला. मग त्याला थांबताच येईना. "बाबा. बाबा."

काकूनं सांगजूनच्या दंडावरची फीत सोडली आणि क्यूहोच्या दंडावर चढवली.

"चाळीस वर्षं कान लावून बसले होते रे ते," ती म्हणाली. "आता मी ऐकते. म्हण अजून."