उठता उठता मारलेली लाथ

मी जॉयस्टिक. दुकानातली गुळगुळीत नव्हे हो. घरी केलेली, प्लायवूडच्या खोक्यात बसवलेली एक काठी आणि आठ बटणं. माझा एक कोपरा फुटलाय. तो कसा फुटला ते सांगायचंय, म्हणून तर तोंड उघडलं.

मला ज्याने बनवलं तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मारामारीच्या गेमचं वेड लागलं आणि तिच्या मागोमाग बापही त्यात ओढला गेला. तिला त्याने दुकानातून चांगला कंट्रोलर आणून दिला, स्वतःसाठी मला ठोकून काढलं.

लेकीला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण तिला कसलीच घाई नसते. बापाचं नेमकं उलटं. स्क्रीनवरचा त्याचा गडी मार खाऊन पडला, की तो धड उभा राहायच्या आत याची बोटं लाथेच्या बटणावर धडाधड! बचाव करायचा तर मला फक्त मागे ओढून धरायचं असतं, समोरच्यापासून लांब. मी मागे जायला तयार. पण याला धीर असेल तर शपथ.

एकदा मुंगीने त्याला लागोपाठ नऊ वेळा हरवलं. नवव्यांदा त्याने मला उचललं आणि भिंतीवर आपटलं. कोपरा उडाला. मुंगीची आई आतून आली, माझ्याकडे पाहिलं, आणि मुंगीला आत घेऊन गेली. माझ्यामुळे घर मोडलं असं मी म्हणत नाही. त्याआधी ताटं, फोन, दारं, सगळ्यांनीच त्याचा राग सोसला होता. पण त्याच महिन्यात दोघी घर सोडून गेल्या, हे खरं. मी पलंगाखाली धूळ खात पडले.

मुंगी आता अठरा वर्षांची आहे. दर रविवारी दुपारी दोन तास बापाकडे येते. काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही, म्हणून मला पलंगाखालून काढून खेळतात. मागच्या महिन्यात खेळता खेळताच ती म्हणाली, "आई विचारत होती, रविवार चालू ठेवायचे का. मी अजून ठरवलं नाहीये."

"तिनेच भरवलं असेल तुझ्या डोक्यात!" बाप उसळला.

"बघ, हेच. बाबा, तू पडलास की उठता उठता लाथ मारतोस. दर वेळी. मी काहीच करत नाही, नुसती थांबते. तू चुकतोस, मग मी मारते."

त्यावर त्याचा चेहरा उतरला. 

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आला, की हातपाय धुऊन तो मला मांडीवर घ्यायचा. समोरच्या, मशीनच्या गड्याला नुसतं मारायला लावायचा आणि आपण मला मागे ओढून बसायचा. वीस मिनिटं, तीस मिनिटं. बोटं शिवशिवायची, चुकून बटण दाबलं जायचं, मग स्वतःलाच शिवी. माझी स्प्रिंग ढिली पडली, ती त्याने बदलली. एकदा तर उजवा हात चक्क मांडीखाली दाबून बसला. एवढा बाप्या माणूस! हसू आलं मला, आणि वाईटही वाटलं.

गेल्या रविवारी तो मुंगीशी तीन डाव हरला, पण घाईने एकही नाही. चौथा जिंकला.

"अरे वा," ती म्हणाली. मग कंट्रोलर खाली ठेवून, स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "ही जॉयस्टिक तू आपटलीस ना, तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी."

गेम संपला होता, तरी त्याच्या डाव्या हाताने मला मागे ओढलं. "मी तुला कधी बोट तरी लावलंय का?" हे त्याचं ठेवणीतलं वाक्य, किती वेळा ऐकलंय मी. आता येणार, आता येणार म्हणून माझा जीव खालीवर. आलं नाही.

ती बोलत राहिली. शाळेतून येताना जिन्यात थांबून घरातला कानोसा कसा घ्यायची ते. जेवताना चमचासुद्धा वाजू द्यायची नाही ते. मग वाट बघत बसली.

"तुला भीती वाटायची," तो म्हणाला.

"हो."

"माझी."

"हो, बाबा."

ती वेळेआधीच निघाली. पुढच्या रविवारचं त्याने विचारलं नाही.

मी पडले लाकडाचं खोकं. मला आपटलंत तर दुखत नाही, कोपरा तेवढा उडतो. पण माणसांनो, तुम्ही एकेक वस्तू फोडत असता, तेव्हा घरातलं पोर आपला नंबर कधी लागतो ते मोजत असतं. तेवढं बघा हो.

काल मुंगीचा मेसेज आला. "दोन-तीन रविवार नको. मग बघते." मी त्याच्या मांडीवरच होते. त्याने मोठ्ठं उत्तर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाठवलं, "बरं. मी घरीच असेन." एवढं लिहायला त्याला पाऊण तास लागला.

आज रविवार. तो घरीच आहे.