संघटनेचा फ्लेक्स

कुरुंद्यात माझा ज्युदोचा क्लास आहे. दोन वर्षांपासून मी वरच्या संघटनेला एकच गोष्ट मागून राहिले: मॅट द्या. ज्युदो म्हणजे एकमेकींना पाडायचं, अन् आमच्या पोरी पडत होत्या मुरमाच्या अंगणात. कोपरं सोलली की दुसऱ्या दिवशी आया लेकरू पाठवत नव्हत्या. वीस पोरींच्या सहा राहिल्या.

मॅट न्हाई, पत्र आलं: 'सदस्यसंख्या वाढवा.' सोबत भला मोठा फ्लेक्स. त्यावर चौदा पदाधिकाऱ्यांचे हसरे फोटो. क्लास कुठं भरतो, किती वाजता, कोण शिकवतं, एक अक्षर न्हाई. पोरीचा तर एकही फोटो न्हाई. माझं डोकंच फिरलं.

मी हळदीची रिकामी पोती आणली, त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, ठासून भरलं, ती एकमेकांना शिवली अन् वरून तो फ्लेक्स ताणून बांधला. आया स्वतः येऊन त्यावर बसून पाहून गेल्या.

महिन्याभरात पोरी सतरा झाल्या. आकडा ऐकून सचिव साहेब पाहणीला आले. त्यांच्यासमोर अंजलीनं निलमला उचलून आपटलं, ते नेमकं त्यांच्याच फोटोवर.

साहेब तरातरा पुढं आले. "राठोड मॅडम, हे काय? आमच्या तोंडावर पाय देऊन राहिल्या पोरी!"

"व्हय साहेब," मी म्हणलं. "दोन वर्षांत पहिल्यांदाच संघटना पोरींच्या कामी आली. आता बूट काढा. तुमी मॅटवर उभे आहात."