मुद्दा क्रमांक नऊ

पंपांच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. साधं पत्र लिहायला बसला तरी हात आधी मुद्द्यांना आकडे घालायचा. आई गेल्यावर दूरदेशीच्या ताईने बजावलं, "तिच्या शेवटच्या महिन्याचं सगळं लिहून पाठव." तेव्हाही त्याने कारखान्यातल्यासारखा आराखडाच केला. तो ब्राउझरमध्ये उघडायचा. मुद्द्याशेजारच्या बाणावर टिचकी मारली की पोटातला मजकूर बाहेर, पुन्हा मारली की आत. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नको, म्हणून तो त्याने इंटरनेटवर न चढवता स्वतःच्याच कॉम्प्युटरवर चालवला.

नवव्या मुद्द्यापाशी गाडी चार दिवस अडली. मग एकदाचं लिहून टाकलं: 'आई तीन दिवस म्हणत होती, ताईला बोलाव. बोलावलंय, असं मी तिला खोटं सांगितलं. तुला मात्र, आई बरी आहे, असं कळवत राहिलो. तू आलीस की माझ्या प्रत्येक कामात खोट काढतेस, ते नको होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई दाराकडे बघत गेली.'

वरच्या पट्टीतला पत्ता उचलून त्याने ताईला पाठवला.

सोळा दिवस ताईचा फोन नाही. तिने वाचलं आणि आपल्याला तोडलं, असं तो धरूनच चालला. वाईट वाटत होतंच, पण छातीवरचं ओझंही उतरलं होतं. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"छोट्या, इतके दिवस उघडायचा धीरच झाला नाही रे. आज उघडायला गेले, तर पान सापडत नाही म्हणतंय."

त्याने पत्ता पाहिला आणि कपाळावर हात मारला. तो त्याच्याच कॉम्प्युटरचा होता. जगात दुसरीकडे कुठेही उघडणार नव्हता. जगाला पंप चालवायला शिकवणाऱ्या शहाण्याला एवढं कळू नये!

"जाऊ दे, तूच वाच. मी ऐकते."

तो वाचत गेला. ताप, औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या. आठव्या मुद्द्याला ताईला रडू आवरेना.

"माझी आठवण काढली का रे तिने?"

नववा मुद्दा समोर उघडाच होता. फक्त वाचायचं होतं. पण लिहिताना गोळा केलेलं धैर्य केव्हाच संपलं होतं. त्याने बाणावर टिचकी मारली. मजकूर आत गेला.

"शेवटी शुद्धच नव्हती गं. कुणाला ओळखत नव्हती."

"म्हणजे मी आले असते तरी...?"

"काही उपयोग नव्हता."

पलीकडे बराच वेळ नुसते हुंदके. मग ताई म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. रोज मनाला खात होतं रे. तू होतास तिच्याजवळ, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत."