शिल्दिराकचे दगड

ओढ्याची तब्येत तपासायची म्हणजे दगड उलटायचे. काम एवढंच. तीस वर्षं मी ताश्कंदच्या ओढ्यांतले दगड उलटतेय, तरी लोकांना वाटतं, बाई पाण्याचा रंग बघायला आल्यात.

त्या सप्टेंबरात शिल्दिराकची वर्षातली तिसरी आणि शेवटची तपासणी होती. शिल्दिराक म्हणजे खुळखुळा. दगडांवरून तसा वाजत जातो म्हणून हे नाव. महापालिकेतल्या वरच्यांना तो पाइपात घालून त्यावर गाड्या उभ्या करायच्या होत्या. तिन्ही तपासण्यांत दहापैकी सहा गुण मिळाले तरच ओढा उघडा ठेवायचा, असा नियम. वसंतात सात मिळाले होते, जूनमध्येही सात. दगडांच्या पोटाला तीन शेपट्यांच्या अळ्या होत्या, वाळूच्या कणांची नळी बांधून राहणाऱ्या अळ्या होत्या. घाण पाण्यात या जगत नाहीत. भर शहरात त्या अजून टिकून आहेत याचा मला उगीचच अभिमान वाटायचा, जणू मीच त्यांना लहानाचं मोठं केलंय.

पुलाशी पोचले तर ओढ्याला आवाजच नव्हता.

खाली पाहिलं. तळ सारवल्यासारखा गुळगुळीत. झाडून सगळे दगड बाहेर काढून, घासून, चुन्यानं पांढरे करून दोन्ही काठांवर ओळीनं मांडलेले. झाडांचे बुंधे पांढरे, पुलाचे कठडे पांढरे. बादल्या ओढ्यातच धुतल्याचे ओघळ अजून काठावर दिसत होते. आणि पुलावर मोहल्ल्याचे अध्यक्ष तुर्गुन आका नवी टोपी घालून उभे. शेजारी टेबलावर चहाची किटली, नान, द्राक्षं.

"या मोतबर ओपा," ते म्हणाले. मोतबर हे माझं नाव; ओपा म्हणजे ताई, आका म्हणजे दादा. "ओळखलात का आपला ओढा?"

मग ते सांगत सुटले. शेवटची तपासणी आहे कळल्यावर त्यांनी रविवारी हाशर, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याचं श्रमदान, बोलावला. घरटी एक माणूस, एक फावडं. दीडशे जण आले, सकाळी सहापासून राबले, दुपारी सगळ्यांनी मिळून पुलाव खाल्ला. ओढा पाइपात जाऊ द्यायचा नाही असं ठरलंच होतं.

"दगडांना खालून कसले कसले किडे चिकटले होते," तुर्गुन आका आवाज उतरवून म्हणाले. "तेही ब्रशनं काढले. तुमच्यापुढे मोहल्ल्याची लाज जायला नको."

मी पुलाच्या पायरीवर बसले. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त तोंडसुख तरी घेता आलं असतं.

तरी जाळं घेऊन उतरले. दहा पावलं चालायचं, पायानं तळ ढवळायचा आणि जाळ्यात येईल ते पांढऱ्या ताटात ओतायचं. चार लाल अळ्या आल्या, कुठल्याही गटारात मजेत राहणाऱ्या. बाकी काही नाही. मी पुन्हा दहा पावलं चालले, नियमात नसताना. तेच.

आकांनी पुलावरूनच विचारलं, "किती?"

"दोन."

"दोनच किडे? मग चांगलंच की."

"दोन गुण, आका. दहापैकी. ब्रशनं काढलेत ना, ते किडे म्हणजे गुण होते."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. माझं मात्र डोकं फिरलं होतं. मी विचारलं, एक फोन करून मला विचारायला काय झालं होतं?

"पाहुण्याला विचारतात का ओपा, अंगण झाडू का म्हणून?"

मी जाळं झटकून पिशवीत कोंबलं.

फॉर्म काढला. तळ विस्कटला असेल तर तपासणी सहा आठवडे पुढे ढकलता येते, पण कारणं दोनच छापलेली, बांधकाम किंवा पूर. बांधकाम लिहिलं की परवाना मागतात. आणि पूर? मे महिन्यापासून ताश्कंदात पावसाचा थेंब नव्हता. तीस वर्षांत मी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, आणि आता लिहायचं ते एका चुन्याच्या बादलीपायी. चिडून मी 'पूर'वर खूण केली आणि साक्षीदाराच्या सहीसाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. सही केली. मग 'पूर' शब्दापुढे वळणदार अक्षरात लिहिलं, 'दीडशे माणसांचा.'

"आता खोटं नाही राहिलं," ते म्हणाले.

कचेरीत हे चालेल की नाही, देव जाणे. चाललं तरी सहा आठवडेच हातात. वरून डोंगरातून अळ्या वाहत येतात, पण धरायला दगड नसेल तर तशाच पुढे जातात. मी आकांना सांगितलं, चुना खरवडा, काठावरच खरवडा, ओढ्यात एक कणही नको, आणि दगड होते तिथे परत ठेवा.

त्यांनी टेबलावरची सुरी उचलली आणि पहिलाच दगड तासभर खरवडला. मग बूट न काढता पाण्यात उतरले, दगड पोटाशी धरून.

"ओपा, याची खालची बाजू कुठली?"

मी जाऊन पाहिलं. सगळीकडून घासलेला, सगळीकडून सारखाच. तीस वर्षं मी दगड उलटत आले, पण हा सुलटा कसा होता ते मलाही सांगता येईना.